कोटा भारूच्या बाजारात निपाणीचा हात

निपाणीच्या स्टँडवर बंगळूरची गाडी लागली, तेव्हा आई दोनदा साबण लावून हात धुऊन आली होती. तरी तिनं माझ्या गालावरून बोटं फिरवली आणि मला तंबाखूचा ठसका लागला. त्या दिवशी माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते ठसक्यानंच, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आले आहे. थोरला भाऊ, म्हणजे आमचा अण्णा, माझ्या बॅगा डिकीत कोंबत कंडक्टरशी कन्नडात हुज्जत घालत होता. वडील त्याच्या कितीतरी आधी वारलेले. आईनं पदराखालून कांदा-लसूण चटणीची बरणी काढून माझ्या मांडीवर ठेवली आणि खिडकीतून म्हणाली, "परक्या गावात चाललीस शालन. उपाशी ऱ्हायलीस तरी चालंल, पर मान खाली घालून न्हाय ऱ्हायाचं." गाडी हलली. मी मागं वळून बघितलं, तर ती घराकडं चालूही लागली होती. विड्यांसाठी भिजवलेली पानं घरी वाट बघत होती, आणि ती वाळली असती तर तिचा सगळा दिवस वाया गेला असता.

हे लिहितेय ते निपाणीत राहिलेल्यांसाठी, आणि माझ्यासारखं चंबूगबाळं उचलून कुठं कुठं पांगलेल्यांसाठीही. मी जिथं राहते ते गाव मलेशियाच्या ईशान्य टोकाला आहे. राज्याचं नाव केलांतान, राजधानीचं नाव कोटा भारू. इथल्या एका कॉलेजात मी फिजिओथेरपी शिकवते. "मलेशिया म्हणजे ते दोन उंच मनोरे ना?" असं तुम्ही फोनवर विचारता, तेव्हा माझं डोकं फिरतं. ते मनोरे क्वालालंपूरला. आमच्या केलांतानचा नि त्यांचा संबंध मुंबईच्या समुद्राशी निपाणीचा जितका तितकाच.

"आमच्या" म्हणाले बघा. ते लिहून गेलं, खोडत नाही.

या राज्याचं नाव मी पहिल्यांदा ऐकलं ते बेळगावात. मी तिथं शिकत होते तेव्हा मलेशियाची काही मुलं-मुली डॉक्टरकीसाठी आलेली असत. त्यांतली केलांतानची एक माझ्या शेजारच्या खोलीत राहायची. बेळगावची मिठाई, तो खव्याचा कुंदा, खाता खाता तिला रडू यायचं, का तर घरच्या 'बुदू'ची आठवण. बुदू म्हणजे मीठ लावून महिनोन् महिने मुरवलेल्या मासळीचं कालवण. कुंदा खाताना कुजक्या मासळीची आठवण काढणारी बाई माझ्या डोक्यात पक्की बसली. पुढं तिनंच इथली जागा निघाल्याचं कळवलं. घरात कोणाला विचारायच्या आधीच मी अर्ज करून टाकला.

इथं आले आणि पहिल्याच आठवड्यात मला कळलं, की मी एका सीमाभागातून उठून दुसऱ्या सीमाभागात येऊन पडले आहे. पलीकडं थायलंड. सीमेलगतच्या तुंपात गावाकडं भातशेतांच्या मधोमध भले मोठे बुद्ध आहेत, एक आडवा पहुडलेला, एक बसलेला, आणि शेजारच्याच गावात मशिदीची बांग. माणसं घरात एक भाषा बोलतात, कचेरीत दुसरी आणि बाजारात तिसरी. क्वालालंपूरची शिकलेली माणसं केलांतानच्या बोलीला हसतात. तिकडं 'मी'ला 'साया' म्हणतात, इथं 'आंबो'. इथं येण्याआधी मी काही दिवस पुण्यात नोकरीला होते, तिथं माझ्या 'गेलते, आलते'ला जे हसायचे त्यांचीच ही भावंडं. फरक एवढाच, की पुण्यात मी शब्द गिळायला शिकले होते आणि केलांतानचा माणूस काहीएक गिळत नाही. राजधानीच्या साहेबापुढंसुद्धा तो छाती काढून 'आंबो'च म्हणतो. मला हे लोक तिथंच आवडले. इथलं काही चांगलं दिसलं की 'मोलेक' म्हणतात, म्हणजे आपलं 'लई भारी'. वर्षभरात मीही 'मोलेक' म्हणायला लागले आणि फोनवर आईला 'व्हय' म्हणायच्या जागी दोनदा चुकून तेच निघालं. तिला ते आवडलं नाही.

तिला माझं इथलं राहणंच आवडत नव्हतं. लग्नाचा विषय तिनं धरून धरून शेवटी सोडून दिला होता, पण हा सोडला नाही. गेल्या वर्षी अण्णानं घरावर मजला चढवला, त्यात माझ्यासाठी खोली काढली, आणि निपाणीत नव्यानं निघालेल्या एका दवाखान्यात माझ्या नोकरीचं बोलूनही ठेवलं. मग आईला विमानात बसवून माझ्याकडं धाडलं. पाहुणचाराला, असं तो म्हणाला. विमानतळावरून घरी येताना टॅक्सीतच ती बोलली, "तुला न्ह्याय आलोय. उगंच आडवंतिडवं बोलायचं न्हाय. सामान बांधायला मी हाय." तिचा मुक्काम दोन महिन्यांचा होता.

मी तिला हो म्हणाले नाही आणि नाहीही म्हणाले नाही. खरं सांगायचं तर मला जायचं नव्हतं. पण विधवा आईला नकार देऊन परत पाठवायचं आणि वर इथं सुखानं राहायचं, हे मला जमणार नव्हतं. तिनं स्वतःच्या तोंडानं 'ऱ्हा' म्हटलं तरच मी राहू शकत होते. म्हणून मी ठरवलं, हिला माझं राज्य दाखवायचं. असं दाखवायचं की हिची बोलतीच बंद झाली पाहिजे.

बोलती माझी बंद झाली. सुलतानाच्या जुन्या लाकडी वाड्याचं आता संग्रहालय झालंय. त्याच्या भिंतीवरची नक्षी इतकी बारीक आहे, की लाकूड आहे का जाळी हे हात लावल्याशिवाय समजत नाही. आई म्हणाली, "आपल्यात बी हाय की, देसायांच्या वाड्यात." समुद्राकाठी 'वाऊ बुलान' नावाचे पतंग उडवतात. माणसापेक्षा मोठे, शेपटीकडं चंद्रकोर, आणि डोक्यावर बांधलेली वेताची कमान वाऱ्यानं घुमते तेव्हा आभाळ गुणगुणतंय असं वाटतं. आईनं मान वर करून बघितलं आणि विचारलं, "एवढाल्या पतंगाला कागद किती लागत आसंल?" निळा भात हा इथला अभिमानाचा पदार्थ. तांदूळ गोकर्णाच्या फुलांच्या पाण्यात रंगवतात, वर किसलेलं खोबरं नि कच्च्या पाल्याची कोशिंबीर. ती ताटापुढं बसली आणि हात मागं घेतला. "गोकर्णाची फुलं शंकराला वाहायची गं. ह्यांनी भातात घातली?" बुदूची वाटी मी लपवून ठेवली होती. तरी वासानं तिनं ती शोधली आणि झाकण लावून गॅलरीत नेऊन ठेवली.

एकदाच ती रमली. चामड्याच्या बाहुल्यांचा सावल्यांचा खेळ होता, वायांग कुलित. पडद्यावर हिरव्या तोंडाचा एक राजा आला. मी सांगायच्या आत ती खुर्चीतल्या खुर्चीत सावरून बसली आणि तिनं पदर डोक्यावर घेतला. "राम हाय न्हवं?" रामच होता, इथं त्याला सेरी रामा म्हणतात. पांढरा मारुती उड्या मारत आला तेव्हा पुढच्या रांगेतली डोक्याला रुमाल बांधलेली पोरं टाळ्या पिटत होती, आणि आईही. परतताना मात्र म्हणाली, "राम हिकडं बी आलाय, पर त्यो परत गेलता. वनवास संपला की घरी जायाचं आसतंय."

मग मी तिला बाचोकला नेलं. कधीकाळी ती सगळी किनारपट्टी तंबाखूची. अजून जागोजागी पानं भाजायच्या उंच भट्ट्या उभ्या आहेत, दारं मोडलेली, आत वेली चढलेल्या. एका भट्टीत ती शिरली, भिंतीला नाक लावलं आणि बराच वेळ तशीच उभी राहिली. "आपलीच जात हाय. जरा गोड हाय वास," एवढंच बोलली. तंबाखू परवडेनाशी झाली तेव्हा इथं सरकारनं दुसरं पीक लावायला सांगितलं. दोरासाठी, धाग्यासाठी उंच काठ्यांचं पीक. आईनं त्या शेताकडं बघितलं, पान तोडून चावलं आणि तिथंच ओरडली, "शालन, ही आंबाडी हाय गं!" खरंच अंबाडी. इथं ती कोणी खात नाही. "भाजी टाकून दोर काढत्यात, काय म्हणायचं ह्यास्नी!" शेतवाल्याला हातवारे करून तिनं पिशवी भरून पाला आणला, आणि त्या रात्री माझ्या स्वयंपाकघरात तांदळाच्या कण्या घालून लसणाची फोडणी दिलेली भाजी झाली. इतक्या वर्षांत मी त्या रस्त्यानं शेकडो वेळा गेले असेन. त्या काठ्यांकडं मी कधी नीट बघितलंच नव्हतं.

एवढं झालं तरी सामान बांधायचं तिच्या डोक्यातून गेलं नाही. माझे जाड टॉवेल तिनं एका खोक्यात भरलेसुद्धा.

शेवटी तिला वळवलं ते बाजारानं, आणि तेही मी ठरवून काहीच केलं नव्हतं तेव्हा. कोटा भारूचा मोठा बाजार बायकांचा आहे. इमारत गोल, मध्ये उजेड येणारं छत, आणि खाली भाजी, हळदकुंकवाच्या रंगांचे मसाले, सुकी मासळी, मिठाई यांच्या राशींमागं ठाण मांडून बसलेल्या बायका. गाळे त्यांचे, गल्ला त्यांचा, भांडणंही त्यांचीच. नवरे ओझी वाहतात. माझ्या ओळखीची तिथं काक माह. काक म्हणजे थोरली बहीण, आपल्याकडच्या आक्कासारखं. ती 'केतुपात' विकते. चिकट तांदूळ नारळाच्या दुधात अर्धवट शिजवायचा, पालास नावाच्या ताडाच्या कोवळ्या पानात तिकोनी गुंडाळायचा, पानाची शेपटी ओवून ओढली की गाठ बसते, आणि मग तासन् तास उकळायचं. ईद तोंडावर आली होती, काक माहपुढं पानांचा नि तांदळाचा ढीग होता आणि तिची सून बाळंतपणाला गेलेली.

आई तिच्या बोटांकडं बघत उभी राहिली. मग चपला काढल्या, गाळ्यावर चढली आणि तिच्या शेजारी मांडी घालून बसली. परकं माणूस दिसलं की आमची आई कन्नडात शिरते, हे तुम्हा सीमेवरच्यांना सांगायला नको. काक माहशीही ती कन्नडातच बोलत होती, काक माह तिला केलांतानीत उत्तर देत होती, आणि दोघींचं व्यवस्थित चाललं होतं. "माहक्का" असं तिचं नाव आईनं तिथल्या तिथं पाडलं.

आणि मग मी माझ्या आईचा हात बघितला. लहानपणापासून बघत आले होते, पण घरात. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, पत्र्याच्या साच्यावर कातरलेलं पान, चिमूटभर तंबाखू, एक वळण, तोंड मोडलं, दोरा, झालं. आमची शाळा, माझी बेळगावची फी, सगळं त्या वळणातून निघालं. इथं पान वेगळं, आत तांदूळ, पण बोटांना शिकवावं लागलं नाही. पाच-सहा बिघडले, त्यानंतर एकेक असा सुबक, टोकदार, कडक निघायला लागला की शेजारच्या गाळ्यावरच्या बायका गिऱ्हाईक सोडून बघायला आल्या. "मोलेक! मोलेक!" आईनं मान वर केली नाही, पण तिचे कान लाल झाले होते. मला रडू आलं. आजूबाजूला तंबाखू नव्हती, त्यामुळं कारण सांगता आलं नाही. "माझी आई आहे," मी तिथं दिसेल त्याला सांगत सुटले.

दुपारी काक माहनं पातेल्याचं झाकण काढलं. आत केतुपात नव्हते, पानांची खीर होती. आईनं केलेला जवळजवळ प्रत्येक फुटला होता. विडी वळायची ती घट्टच. सैल विडी म्हणजे विझणारी विडी, कारखान्यात माल बघणारा ती 'छाट' म्हणून बाजूला फेकतो. तिनं तांदूळ तसाच आवळला होता आणि तो फुगायला लागल्यावर पानं टराटरा फाटली.

काक माह पोट धरून हसली. बायका हसल्या. त्यांच्या हसण्यात वाईट काही नव्हतं, 'तोकपो, तोकपो' म्हणत होत्या, म्हणजे असू दे. पण आईच्या मालाची उभ्या जन्मात छाट निघाली नव्हती. ती चपला घालून निघाली. घरी आल्यावर जेवली नाही. मी समजूत काढायला गेले तर अंगावर आली. "तांदूळ फुगतोय हे मला ठावं न्हाय व्हय? जलमभर भात रांधलाय. डोक्याला ठावं हाय गं, हातास्नी कोण सांगणार?" मग थोड्या वेळानं म्हणाली, "उद्या जायाचं मला. हसल्यात त्या."

दुसऱ्या दिवशी ती माझ्या आधी तयार. काक माहनं तिच्यापुढं पानं सरकवली, तिची आवळलेली मूठ हातात घेतली आणि बोटं थोडी सोडवली. मग स्वतःचे गाल फुगवून दाखवले. आई पहिल्यांदा हसली. पण घट्ट ओढायची सवय काही जाईना. शेपटी ओढताना बोटं आपोआप आवळायची, ती स्वतःशीच पुटपुटायची, "साकु, साकु." कन्नडात 'पुरे'. तिसऱ्या दिवशी पातेलं उघडलं तेव्हा तिकोन जसेच्या तसे, फक्त गुबगुबीत झालेले. ईदच्या आदल्या दिवसापर्यंत ती रोज त्या गाळ्यावर बसली, आणि ईदेला काक माहच्या घरी आम्हाला मानाचं आमंत्रण होतं. आईनं तिथं बुदू चाखली. एकदाच, पण चाखली.

जायच्या दिवशी मी माझी बॅग भरली नव्हती. तिनं ते बघितलं होतं आणि काही विचारलं नव्हतं. टॉवेल खोक्यातून निघून कपाटात परत गेले होते, तेही मी विचारलं नाही. कोटा भारूचा विमानतळ छोटा आहे, निरोप द्यायला आलेली अख्खी कुटुंबं तिथं जेवणाचे डबे उघडून बसतात. आम्ही एका कोपऱ्यात बसलो. तिच्या पिशवीत पालासच्या पानांची गुंडाळी होती. तपासणीत काढून घेतील, असं मी सांगितलं. "घीनात का," ती म्हणाली.

मग माझ्याकडं न बघता बोलायला लागली. "अण्णाला सांगते, वरच्या खोलीत धान्य ठेव म्हणून. आणि त्या दवाखान्यात बी कळव म्हणून."

मी तिच्या पिशवीचे बंद सोडून पुन्हा बांधायला घेतले.

"माझा हात विडीचा, शालन. हातात जे आलं ते घट्टच आवळलं. अण्णा त्यात नीट बसला. मला काय ठावं, दुसऱ्या बारीला तांदूळ जन्मलाय म्हणून." तिनं माझ्या गालावरून बोटं फिरवली. ठसका लागला नाही, बोटांना नारळाच्या दुधाचा वास होता. "ऱ्हा हितंच. मोलेक हाय." आणि आत गेली. या वेळीही तिनं मागं वळून बघितलं नाही, पण मला आता ते लागत नाही.

तुम्ही विचारता, तुझं घर नक्की कुठलं? पूर्वी मी या प्रश्नाला टाळाटाळ करायची. आता सांगते. परवा मी बाजारात गेले होते. काक माहची सून बाळाला घेऊन परत आली आहे, तीच आता पानं वळते. तिच्या हातून एक जास्त आवळला गेला आणि उकळताना फुटला. काक माहनं तो झाऱ्यानं उचलून बाजूला टाकला आणि म्हणाली, "हा निपाणी झाला." त्या गाळ्यावर, आणि आता शेजारच्या गाळ्यांवरही, घट्ट बांधून फुटलेल्या केतुपातला 'निपाणी' म्हणतात. गिऱ्हाइकांना वाटतं हा केलांतानीतलाच कुठला जुना शब्द असेल. एका म्हाताऱ्यानं मला विचारलंही, निपाणी म्हणजे काय?

मी मान वर करून सांगितलं, आंबोचं गाव आहे ते.